‘नव्यासारखी’ कुणाला हवी आहे?

अक्कलकोट रोडवरच्या एका गॅरेजात गेल्या महिन्यात आमच्या एका स्नेह्यांनी मला चारचौघांत झापलं. मी चार महिने माझ्या फियाटच्या एका खिट्टीच्या मागे लागलोय, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. खिट्टी म्हणजे जुन्या फियाटच्या पुढच्या दाराला जी त्रिकोणी काच असते, ती आतून अडकवायची बोटाएवढी मूठ. ‘अहो, खिट्टीच ना ती? दुसरी कसलीतरी बसवा, नाहीतर काच पक्की करून टाका. गाडी म्हणजे इंजिन. बॉडी सरळ आहे, ब्रेक लागतो, पहिल्या सेल्फला सुरू होते, संपलं. बाकीचा सगळा साज.’ मिस्त्री हसला, कुशनवाल्याने मान डोलावली. मी गप्प बसलो, कारण चहा स्नेह्यांनी मागवला होता. आता बोलतो.

त्यांची स्वतःची गाडी तिथेच उभी होती. १९६९ ची फियाट ११०० डिलाइट. बाहेरून दृष्ट लागावी अशी. दार उघडलं आणि माझा चेहरा पडला. पत्र्याच्या मूळ डॅशबोर्डवर फोम टाकून काळं रेक्झिन ओढलेलं. त्यावर लाकडाच्या रेघांचा स्टिकर. मीटरच्या जागी निळे आकडे दाखवणारं डिजिटल मीटर. बटणं सगळी नवी, काळी, एकसारखी. काढलेलं सामान कुठे ठेवलंय, म्हणून विचारलं. ‘ठेवतोय कुठे? भंगारवाल्याने वजनावर नेलं. पण नव्यासारखी झाली की नाही?’

झाली. माझं भांडण त्याच्याशीच आहे.

स्नेही वकिली मुद्दे काढण्यात हुशार. ते म्हणाले, कायदासुद्धा तुमच्या खिट्ट्या मोजत नाही. हे खरं आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी विंटेज धरली जाते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. गाडी रोजच्या कामाला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची. यात डॅशबोर्डचा उल्लेख नाही, कबूल. पण सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, तिच्यावरच्या रहाटाची नसते. म्हणून कुणी रहाट चुलीत घालत नाही. सरकारला नंबर द्यायचा आहे, त्यापुरतं ते बघतं. गाडी मूळची किती उरली, हा हिशेब मालकाने स्वतःशी करायचा असतो. आणि त्याच नियमात ‘मूळ स्वरूपात’ हे शब्द आधी येतात, चॅसी आणि इंजिन नंतर. स्नेह्यांनी वाचायला सुरुवातच मधून केली.

बरं, ज्या इंजिनाची ते पूजा करतात त्याची गोष्ट त्यांनीच मला सांगितलेली आहे. डिलाइटचं १०८९ सीसीचं इंजिन. त्यांच्या गाडीचं दोनदा बोअर झालंय, मग स्लीव्ह घातल्या, पिस्टन बदलले, कार्ब्युरेटर दुसऱ्याच गाडीचा आहे. क्लच, रेडिएटर, डायनामो तर मोजूच नका. यात त्यांची चूक नाही. इंजिन झिजण्यासाठीच असतं आणि झिजलेलं बदलावंच लागतं. पण मग हिशेब असा होतो की १९६९ साली कारखान्यातून जे बाहेर पडलं त्यातलं सगळ्यात जास्त शिल्लक होतं ते डॅशबोर्डवर. मीटर, बटणं, हँडलं, अॅश-ट्रे, क्रोमची पट्टी. तेवढंच नेमकं त्यांनी किलोने विकलं. देव्हाऱ्यातले देव विकून कळसाला सोनं चढवण्यासारखं झालं हे.

त्यांचा पुढचा बाण मात्र मला लागला. ‘वालचंदशेठ आपल्या गावचे. त्यांनी लोकांनी चालवावी म्हणून गाडी काढली, काचेच्या कपाटात ठेवावी म्हणून नाही.’ वालचंद हिराचंदांचं नाव घेतलं की सोलापूरकर गप्प होतो. पण त्यांचं नाव या वादात माझ्या बाजूने साक्ष देतं, असं माझं म्हणणं आहे.

वालचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. आगबोटी, विमानं, मोटारी या तिन्हींत त्यांनी हात घातला आणि तिन्ही वेळा परक्या सरकारने पायात पाय घातले. मोटारीचा कारखाना इथे व्हावा ही खटपट विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात सुरू केली, वालचंद तिच्यात होते. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ ला उभी राहिली आणि कुर्ल्याहून पहिल्या गाड्या बाहेर पडायला १९४७ उजाडलं. त्या क्रायस्लरच्या डॉज, प्लीमथ जातीच्या, बाहेरून आलेले सुटे भाग जोडून केलेल्या. फियाट त्यानंतर आली. वालचंद १९५३ मध्ये गेले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने सांगितलं की इथे नुसती जोडाजोड चालणार नाही. ज्याच्याकडे सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायचा आराखडा आहे, त्यानेच धंद्यात राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली.

आता सांगा, हे ‘टप्प्याटप्प्याने’ कुठे दिसतं? बॉनेट उघडून नाही दिसत, ते आतल्या चिल्लर सामानात दिसतं. स्विच, बिजागरी, मीटर, आरसा, बीडिंग, काच फिरवायचं हँडल, सीटचं रेक्झिन हा माल मोठ्या कारखान्याला पुरवणारे छोटे कारखाने देशभर उभे राहिले. त्यातले कितीतरी आज बंद आहेत. त्यांचे कॅटलॉग रद्दीत गेले, साचे वितळवले गेले. मागे राहिला तो स्विचच्या पाठीवरचा पुसट ठसा, डायलच्या खालच्या कडेला छापलेलं बारीक नाव. जुन्या गाडीत एक तुकडा परदेशी ठशाचा आणि शेजारचा देशी ठशाचा असं दिसलं की मी थांबून बघतो. ज्यासाठी वालचंद आयुष्यभर भांडले ते तिथे, अंगठ्याएवढ्या जागेत, लिहिलेलं असतं. ते भंगारात घालून वरून त्यांचं नाव घ्यायचं, हे जरा जास्तच झालं.

मीटरचंच घ्या. १९५० च्या दशकातली मॉरिस किंवा लँडमास्टर बघितलीत तर वेग मैलांत लिहिलेला असतो. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, आणि पुढच्या काही वर्षांत शेर, मण, मैल कागदोपत्री गेले. त्या गाडीत ‘सोय होते’ म्हणून किलोमीटरचं मीटर बसवणारा मालक एका क्षणात गाडीची जन्मतारीख पुसतो. सोय हवी तर डोक्यात आठाने गुणा आणि पाचाने भागा. आपल्या आजोबांना ते जमत होतं.

‘ती काय रोल्स रॉइस आहे का?’ हाही प्रश्न आला. येणारच. माझं उत्तर उलटं आहे. रोल्स असती तर मी एवढा जीव टाकला नसता. महाराजांच्या गाड्यांना सांभाळणारे आहेत, त्यांचे भाग विलायतेत आजही बनवून मिळतात, त्यांच्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. फियाट ही डॉक्टरची, वकिलाची, अडत्याची, कारखानदाराची गाडी. वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली, म्हणून घरातल्या माणसासारखी वापरलेली, आणि म्हणूनच कुणाला जपावीशी न वाटलेली. ११०० डिलाइट १९६४ मध्ये आली, मग थोडे दिवस तिला प्रेसिडेंट म्हणाले, १९७४ पासून ती पद्मिनी झाली. म्हणजे पहिल्या पद्मिन्यासुद्धा आता पन्नाशी ओलांडून विंटेजच्या रांगेत आल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. तोवर हजारो टॅक्सी तोडल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या खिट्ट्या कुणी काढून ठेवल्या नव्हत्या. हळहळण्याआधी एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलं असतं तर बरं झालं असतं.

आता माझ्या चार महिन्यांचा हिशेब देतो, कारण त्यात माझीही फजिती आहे.

उजव्या दाराची मूळ खिट्टी माझ्याकडे होती. क्रोमला फोड आले होते, बाकी धडधाकट. मी ती एका प्लेटिंगवाल्याकडे दिली. त्याने जुना थर उतरवायला ती अॅसिडच्या टाकीत सोडली, जसं तो लोखंडी बंपर सोडतो. पण ही खिट्टी लोखंडाची नव्हे, ओतीव जस्ताची. दाराची हँडलं, नावाची अक्षरं, खिट्ट्या हे बारीक नक्षीचं काम त्या काळी जस्ताच्या मिश्रधातूत ओतत असत, कारण साच्यात तो कोपऱ्याकोपऱ्यात नीट उतरतो. आणि जस्त अॅसिडमध्ये विरघळतं. संध्याकाळी गेलो तेव्हा त्याने चिमट्यात धरून जे दाखवलं ते चोखलेल्या आवळ्याच्या बीसारखं होतं. त्याला काय बोलणार? धातू कोणता, हे मीच सांगायला हवं होतं.

डावी खिट्टी शाबूत होती. पण डावी-उजवी म्हणजे आरशातली रूपं, डावीचा साचा घेऊन उजवी होत नाही. शेवटी एका परसात कोंबड्या बसत असलेल्या पद्मिनीच्या दाराला उजवी सापडली. माझ्या गाडीचा आणि पद्मिनीचा मूळ सांगाडा एकच, त्यामुळे बसली. पण तिला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. मग खरं काम सुरू झालं. दंतवैद्य कीड कोरतो तसा एकेक खड्डा बारीक बिटने स्वच्छ धातू लागेपर्यंत कोरायचा. वर तांब्याचा थर द्यायचा. घासायचं. खड्डा अजून दिसतोच. पुन्हा तांबं, पुन्हा घासणं. हे तीनदा-चारदा. मग निकेल आणि सगळ्यात वर क्रोम, तोही एका मायक्रॉनहून पातळ. लोक ज्याला क्रोमचं काम म्हणतात ते बहुतेक तांब्याचं आणि मनगटाचं काम असतं. बफवर पोराने जोर लावला तर धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. तेवढ्यासाठी मी बफ बंद करायला लावला आणि शेवटचं घासणं हाताने करून घेतलं.

‘सोलापुरात हे कोण करणार? मुंबईला पाठवा.’ हे स्नेह्यांनी, एका यंत्रमागवाल्याने म्हणावं! ज्या गावात मागाचा एक दात मोडला तर संध्याकाळपर्यंत दुसरा घासून बसवतात, कारण माग थांबला की चादर थांबते आणि चादर थांबली की मजुरी थांबते, त्या गावात एक खिट्टी होत नाही? तांब्याचं काम मी इथेच करून घेतलं. गाडीतली दुसरी एक लाकडाची मूठही खरादीने करून दिली, नमुना एकदा हातात फिरवून. कारागीर इथे आहेत. त्यांना कुणी सांगत नाही की ते नवं दिसायला नको आहे. आपण सगळ्यांना एकच हुकूम देतो, चमकव. ते बिचारे चमकवतात.

स्टिअरिंगची गोष्टही तीच. आत लोखंडाची कडी, वर कडक प्लास्टिक. दोघांचं तापून फुगणं आणि गार होऊन आकसणं वेगवेगळं, त्यामुळे आऱ्यांच्या जवळ चिरा जातात. सोलापूरच्या मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात, बंद गाडीत काय होत असेल ते बघा. लोक त्यावर काळं कव्हर चढवतात आणि विसरतात. कव्हराखाली हाताचा घाम साचून आतली कडी गंजते. खरी दुरुस्ती काय? चीर इंग्रजी ‘व्ही’सारखी रुंद करायची, आतलं तेल-मेण धुऊन काढायचं, इपॉक्सी भरायचं, दोन दिवस हात लावायचा नाही, मग पाण्याच्या पेपरने घासून मूळ रंग द्यायचा. खर्च एका कव्हराएवढाच. लागतो तो वेळ. म्हणून ‘हे पैसेवाल्यांचे चोचले’ हा आरोप मला हास्यास्पद वाटतो. पैसेवाला नवं बसवतो. घासत बसतो तो ज्याला रविवार आहे.

एक गोष्ट कामाची म्हणून सांगतो. लष्कराच्या लिलावातली दुसऱ्या महायुद्धातली जीप कुणाकडे असेल तर तिच्या मीटरचे चमकणारे आकडे खरवडू नका. आपल्याकडे रेडियम म्हणजे नंबरप्लेटचं स्टिकर. पण त्या काळच्या लष्करी मीटरवर खरंखुरं रेडियम लावत. त्याची चमक केव्हाच मेलेली असते, किरणोत्सर्ग मात्र निम्मा व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. ती भुकटी नाकात जायला नको. तिथे ‘आहे तसं राहू द्या’ हा तब्येतीचा सल्ला आहे.

आता स्नेह्यांच्या सगळ्यात चांगल्या मुद्द्याकडे येतो. ते म्हणाले, ‘मालकाने वापरताना केलेले बदल हाही गाडीचा इतिहासच ना? मग माझं रेक्झिनही इतिहास. पन्नास वर्षांनी कुणी ते जपेल.’ यावर मी दोन रात्री विचार केला.

माझ्या गाडीच्या डॅशवर दोन भोकं आहेत. मधल्या मालकाने तिथे छोटा पंखा बसवला होता. पंखा गेला, भोकं राहिली. डेंटरने ती भरून देऊ का विचारलं, मी नको म्हटलं. चुंबकावर बसवलेले स्वामी समर्थ आहेत, त्यांच्याखालचा रंग गोल राहिलाय आणि आजूबाजूचा उडालाय. तेही राहणार. सीटवर जुन्या मालकिणीने टर्किश टॉवेलची कव्हरं शिवून घातली होती. गावच टॉवेलचं, दुसरं काय घालणार? ती उसवली तर खाली मूळ रेक्झिन तसंच्या तसं, शिवणीसकट. सोलापुरी टॉवेलने जे राखलं ते कुठल्या पॉलिशने राखलं नसतं. कव्हरं धुऊन घडी घालून ठेवली आहेत.

म्हणजे वापरणाऱ्याने भर घातली तर माझी हरकत नाही. त्याला उकडत होतं, त्याने पंखा लावला; ती गरज होती आणि तिने खालचं काही खाल्लं नाही. स्नेह्यांनी भर घातली नाही, पुसलं. आणि पुसलं ते गरजेपोटी नव्हे, गाडी पन्नास वर्षांची दिसू नये म्हणून. मग पन्नास वर्षांची गाडी घेतली कशाला? शोरूममध्ये नव्यासारखीच नव्हे, अगदी नवी मिळते.

जिथे मूळ तुकडा मिळतच नाही तिथे काय? तिथे नक्कल करावी, बेशक करावी. बेकेलाइटचं बटण तडकलं तर ते वितळवून पुन्हा ओतता येत नाही. एकदा कडक झालेलं बेकेलाइट तापवलं तर जळतं, मऊ होत नाही. सिलिकॉनचा साचा घेऊन रेझिनमध्ये दुसरं ओतावं लागतं. थ्री-डी प्रिंटही चालेल. फक्त नकलेच्या पाठीवर साल कोरावं. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिवाने, २०१३ मध्ये ट्यूरिनची सनद मान्य केली, तिच्यातही बदललेला भाग ओळखू येईल अशी खूण करावी असं सांगितलंय. आपल्याकडे बोहारणीकडून घेतलेल्या पातेल्यावरसुद्धा नाव घालतात, बटणावर साल घालायला काय हरकत?

आणि वायरिंग बदला. यात माझा कसलाही हट्ट नाही. डॅशच्या मागची ती कापडाच्या वेष्टणातली वायर हात लावताच पापडासारखी तुटते आणि एक ठिणगी पडली की मीटर, खिट्टी, वाद सगळंच संपतं. जिथे जीव जाऊ शकतो तिथे मूळपणाचा आग्रह धरणारा मूर्ख समजावा. नवा फ्यूज-बॉक्स आत, दिसणार नाही असा बसवा. सीटबेल्टही घाला.

उरतो तो सौंदर्याचा मुद्दा. स्नेह्यांना त्यांचा डॅश सुंदर वाटतो. मला तो लग्नाच्या हॉलमधल्या सिंहासनासारखा वाटतो. यावर वाद होऊ शकत नाही, म्हणून करत नाही. पण त्यांच्या चवीला माझा विरोध नसून त्यांच्या घाईला आहे. रेक्झिन उद्या काढता येईल, स्टिकर सोलता येईल. वजनावर गेलेलं सामान परत कुठून आणणार?

गाडी काम करायला देणार असाल तर आधी आतले फोटो काढा, स्क्रू सैल करण्यापूर्वी. जे निघेल ते बिस्किटाच्या डब्यात टाका, चिठ्ठी लावून: कुठल्या दाराचं, डावं की उजवं. तुटलेलं, फोड आलेलं, अर्धं असलं तरी टाका. अर्ध्यावरून पूर्ण करता येतं. गाडी विकाल तेव्हा डबा गाडीबरोबर द्या, त्याचे पैसे मागा हवं तर.

माझी खिट्टी गेल्या मंगळवारी बसली. नीट पाहिलंत तर दोन खड्डे अजून दिसतात. गॅरेजातून परत येताना मी स्नेह्यांच्या भंगारवाल्याकडे डोकावलो. बटणं गेली होती. मीटर होतं, पत्र्याच्या ढिगाखाली, काच तडकलेली, आकडे मात्र जसेच्या तसे. वजन करून घेऊन आलो. स्नेह्यांनी हवं तेव्हा यावं आणि न्यावं.